दोन हजार माणसांचा डॉक्टर

नीटचा निकाल लागला की पंधरा दिवस आपल्या घरांमध्ये दुसरा विषय नसतो. कुणाला सरकारी मिळालं, कुणाला खासगीत पैसे भरावे लागणार, कुणी अजून एक वर्ष ड्रॉप घेणार. आणि ज्याला सीट मिळाली त्याला पहिल्याच आठवड्यात मावशी विचारते, "पुढे पीजी कशात करणार?" हृदयरोग म्हटलं की माना डोलतात, त्वचारोग किंवा रेडिओलॉजी म्हटलं तरी चालतं. "मला फॅमिली डॉक्टर व्हायचंय" असं कुणी म्हणालं तर मात्र क्षणभर शांतता पसरते. मग कुणीतरी हळूच विचारतं, "म्हणजे नुसतं एमबीबीएसच ना?" त्यावर "आणि मला संशोधनही करायचंय" असं जोडलं, तर पोरगं गोंधळलंय यावर घरात एकमत होतं. संशोधन म्हणजे मोठं हॉस्पिटल, प्रयोगशाळा, नाहीतर परदेश. गल्लीतल्या दवाखान्यात कसलं आलंय संशोधन?

परदेशातल्याच, पण गल्लीतल्याच एका दवाखान्याची ही गोष्ट आहे. डॉक्टरांचं नाव ज्युलियन ट्यूडर हार्ट. 1927 मध्ये लंडनला जन्म, 2018 मध्ये मृत्यू. 1961 मध्ये ते दक्षिण वेल्समधल्या ग्लिनकोरुग नावाच्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवायला गेले आणि पाव शतकाहून अधिक काळ तिथेच राहिले. गावाची वस्ती सुमारे दोन हजार. आपल्याकडच्या मध्यम खेड्याएवढी. या दोन हजार माणसांवर केलेलं त्यांचं काम 'लॅन्सेट' आणि 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. आपल्याकडे पीएसएमसाठी 'पार्क' वाचणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला रक्तदाबाच्या प्रकरणात 'निम्म्यांचा नियम' पाठ करावा लागतो. तो नियम ज्यांनी लावून धरला ते हेच डॉक्टर. नियम पाठ असतो, माणूस सहसा माहीत नसतो.

हार्ट यांचे वडीलही डॉक्टर होते आणि स्पेनच्या यादवी युद्धात स्वयंसेवक म्हणून जाऊन त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. मुलगा केंब्रिजला शिकला, मग लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं. काही वर्षं लंडनच्या गरीब वस्तीत प्रॅक्टिस केली. त्यानंतर जे केलं ते आजच्या मुलांनी नीट पाहण्यासारखं आहे. ते आधी रिचर्ड डॉल यांच्याकडे आणि मग आर्ची कॉक्रन यांच्याकडे साथरोगशास्त्र शिकायला गेले. डॉल म्हणजे सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनी सिद्ध करणाऱ्यांपैकी एक. कॉक्रन म्हणजे ज्यांच्या नावानं पुढे जगभरचं 'कॉक्रन' संशोधनजाळं उभं राहिलं ते. त्या वेळी कॉक्रन वेल्सच्या खाणपट्ट्यात कोळशाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांचा हट्ट असा की सर्वेक्षण करायचं तर वस्तीतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक माणसांपर्यंत पोहोचायचंच. जे येत नाहीत त्यांच्या घरी जायचं, पुन्हा जायचं, तिसऱ्यांदा जायचं. कारण न येणारा माणूस येणाऱ्यासारखा नसतो.

हे एक वाक्य हार्ट यांनी आयुष्यभर पुरवलं असं म्हटलं तरी चालेल.

अशा गुरूंकडे शिकलेल्या माणसानं विद्यापीठात नोकरी धरणं हा सरळ रस्ता होता. त्या काळात फॅमिली मेडिसिनला विद्यापीठात फारशी जागाही नव्हती. या विषयाचं जगातलं पहिलं प्राध्यापकपद एडिनबरा विद्यापीठात निर्माण झालं तेच मुळी 1963 मध्ये. हार्ट उलट दिशेला निघाले. त्यांचा विचार असा, की कॉक्रनसारखा संशोधक बाहेरून गावात येतो, मोजतो आणि निघून जातो. ज्यांना मोजलं तीच माणसं दुसऱ्या दिवशी ताप घेऊन ज्याच्याकडे जातात, त्या डॉक्टरनंच मोजलं तर? त्याला नुसती आकडेवारी मिळणार नाही, त्या आकडेवारीवर त्याच गावात काम करता येईल. ग्लिनकोरुगमध्ये त्यांनी दवाखाना घेतला आणि गावातच घर केलं. पुढे मेरी त्यांच्या पत्नी झाल्या. मेरी या नुसत्या 'डॉक्टरांच्या मिसेस' नव्हत्या, अनेक संशोधन निबंधांवर त्यांचं नाव लेखक म्हणून आहे. काही वर्षांनी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं या दवाखान्याला संशोधन करणारा दवाखाना म्हणून मदत दिली. अशी मान्यता मिळालेला तो पहिलाच.

आता एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागेल, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

आपल्या ओळखीच्या एखाद्या डॉक्टरांना विचारा, तुमचे पेशंट किती? ते म्हणतील, रोजचे साठ-सत्तर. हे झाले आलेले. न आलेले किती? याला उत्तर नाही, कारण डॉक्टरांचे 'न आलेले पेशंट' ही कल्पनाच आपल्याकडे नाही. सर्दीला कोपऱ्यावरचे डॉक्टर, गुडघ्याला ऑर्थोपेडिक, शुगरला तिसरेच कुणी, आणि सगळे रिपोर्ट आईच्या कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. ब्रिटनमध्ये 5 जुलै 1948 ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिच्यात प्रत्येक माणसाचं नाव एका फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेलं असतं. डॉक्टरला त्या काळी मुख्यतः पैसे मिळत ते यादीतल्या माणसांच्या संख्येवर. माणूस आला काय, न आला काय. त्यामुळे ग्लिनकोरुगच्या डॉक्टरकडे गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचं नाव आणि वय कागदावर होतं. शाळेच्या गणितात सांगायचं तर त्याच्याकडे भाजक होता. आपल्याकडच्या अत्यंत हुशार डॉक्टरकडेही सहसा फक्त अंश असतो.

(जाता जाता, ही योजना आणणारे आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन हे याच वेल्सच्या कोळसापट्ट्यातले. त्यांच्या ट्रेडेगर गावात कामगार आपल्या मजुरीतून थोडे थोडे पैसे काढून डॉक्टर ठेवत असत. देशभराच्या योजनेमागे त्या गावच्या मंडळाचा अनुभव होता.)

हार्ट यांनी निवडलेला प्रश्न होता रक्तदाबाचा. तेव्हा बीपी ही आजच्यासारखी घराघरातली गोष्ट नव्हती. रक्तदाब वाढलेला आहे हे कळून उपयोग काय, असंच बऱ्याच डॉक्टरांना वाटे. 1967 मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमधून एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. खालचा रक्तदाब 115 च्या पुढे असलेल्यांना औषधं दिली तर पक्षाघात आणि इतर गुंतागुंत स्पष्टपणे कमी होते, हे त्यात दिसलं. 1970 मध्ये त्याहून सौम्य रक्तदाबासाठीही फायदा दिसला. म्हणजे इलाज आहे हे कळलं. पण रक्तदाब दुखत नाही. ज्याचं दुखत नाही तो दवाखान्यात येणार कसा?

हार्ट यांची युक्ती साधी होती आणि म्हणूनच मला ती फार आवडते. त्यांनी शिबिर भरवलं नाही. माणूस खोकल्यासाठी येवो, बोट चेपलं म्हणून येवो, रजेचा दाखला मागायला येवो, 20 ते 64 वयाचा असेल तर त्याचा रक्तदाब मोजायचा आणि नोंदवायचा. वर्ष-दोन वर्षांत गावातले बहुतेक लोक कशा ना कशासाठी दवाखान्याची पायरी चढतातच. उरलेल्यांची यादी आपोआप तयार होते. मग कॉक्रनचा धडा: त्या उरलेल्यांच्या मागे लागायचं. 1970 मध्ये 'लॅन्सेट'नं हे काम छापलं. आपल्या यादीतल्या सगळ्या माणसांचा रक्तदाब मोजणारा पहिला डॉक्टर म्हणून हार्ट यांचं नाव घेतलं जातं ते यामुळे. यंत्र तेच, पाऱ्याचं. नवीन होती ती वही.

याच मोजणीतून 'निम्म्यांचा नियम' डोळ्यांसमोर उभा राहतो. रक्तदाब असलेल्या शंभर माणसांपैकी निम्म्यांना तो आहे हेच माहीत नसतं. ज्या पन्नासांना माहीत आहे त्यातल्या निम्म्यांवर उपचार नसतात. ज्या पंचवीसांवर उपचार आहेत त्यातल्या निम्म्यांचाच रक्तदाब ताब्यात असतो. शंभरातले बारा-तेरा. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला हे बारा-तेरा दिसतात आणि आपलं काम छान चाललंय असं वाटतं.

मोजणं हा या कामाचा सोपा भाग होता. अवघड भाग पुढची पंचवीस वर्षं.

हार्ट यांनी 1992 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका रुग्णाबद्दल लिहिलं. साठच्या दशकाच्या अखेरच्या त्या मोजणीत सापडलेला हा माणूस. रक्तदाब जास्त, वजन जास्त, सिगारेट, दारू, पुढे मधुमेह, गाउट, छातीचा त्रास, अपघातामुळे कामावरून घरी बसलेला. आपल्याही नात्यात असा एखादा काका असतोच. पंचवीस वर्षांत हार्ट यांनी त्याला 310 वेळा तपासलं. सगळे मिळून त्यांचे 41 तास खर्च झाले. भागाकार करा, एका भेटीला आठ मिनिटंसुद्धा पडत नाहीत. सुरुवातीला डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांसमोर बसल्यासारखे होते, हळूहळू ते एकाच बाजूला बसून अडचणीकडे बघू लागले, अशा अर्थाचं हार्ट यांनी लिहिलंय. आणि या 41 तासांची कमाई काय? घडल्या नाहीत अशा गोष्टी. पक्षाघात झाला नाही. हार्ट अटॅक आला नाही. मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस लागलं नाही.

न घडलेल्या गोष्टीचा सत्कार होत नाही, ही या पेशाची खरी अडचण. बायपास केलेल्या सर्जनच्या घरी पेढे जातात. बायपासची वेळ येऊ न देणाऱ्या डॉक्टरला लोक म्हणतात, "दर महिन्याला बोलावतात हो, उगाच." पेढ्यांवर माझा आक्षेप नाही. पण तरुण डॉक्टर कुठे वळतो हे तो काय बघत मोठा झाला यावरही ठरतं.

हार्ट यांच्या दवाखान्यातलं सगळंच संशोधन मनासारखं लागलं असंही नाही, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मीठ कमी केल्यानं सौम्य रक्तदाब उतरतो का, हा प्रश्न त्यांनी आणि मेरी यांनी गावातल्या रुग्णांना बरोबर घेऊन तपासला. रुग्णांनी जेवणातलं मीठ कमी केलं. मग काही आठवडे त्यांना मिठाच्या गोळ्या आणि काही आठवडे तशाच दिसणाऱ्या बिनमिठाच्या गोळ्या दिल्या. कुणाला कधी कुठली हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. खाणगावच्या दवाखान्यात इतका काटेकोर प्रयोग, हेच विशेष. उत्तर आलं की त्या गटात रक्तदाबात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. 1983 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ते तसंच छापलं गेलं. (पुढे जगभर मोठ्या गटांवर झालेल्या अभ्यासांनी मीठ कमी करण्याचा फायदा दाखवला आहे, तेव्हा लोणच्या-पापडाला ही परवानगी समजू नये.) त्या निबंधाचे पहिले लेखक होते ग्रॅहम वॉट, ग्लिनकोरुगमध्ये हार्ट यांच्या हाताखाली काम केलेले तरुण डॉक्टर. ते पुढे ग्लासगो विद्यापीठात या विषयाचे प्राध्यापक झाले आणि स्कॉटलंडच्या सर्वांत गरीब वस्त्यांमधल्या शंभर दवाखान्यांच्या डॉक्टरांना त्यांनी एकत्र आणलं.

पंचवीस वर्षांचा हिशेब 1991 मध्ये मांडला गेला. मोजणीत सापडलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांची सरासरी उपचारांआधी 186/110 होती, ती 146/84 वर आली. त्यांच्यातले धूम्रपान करणारे 56 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आले. वजन आणि दारू यांनी मात्र दाद दिली नाही, तेही तिथं लिहिलंय. शेजारच्या, तशाच परिस्थितीतल्या पण असा कार्यक्रम नसलेल्या गावाशी तुलना केली तर 65 वर्षांखालील मृत्यूंचं प्रमाण ग्लिनकोरुगमध्ये जवळपास 30 टक्क्यांनी कमी दिसलं. दोन लहान गावांच्या तुलनेला पक्का पुरावा म्हणता येत नाही. एवढ्याशा वस्तीत दहा-वीस मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी हलते. तरीही ज्या गावातली खाण 1970 मध्ये बंद पडली, बेकारी वाढली, तिथे मृत्यूंचं प्रमाण वाढायला हवं होतं. ते कमी दिसलं, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही.

हे सगळं झालं नसतं तरी एका गोष्टीसाठी हार्ट यांचं नाव राहिलंच असतं. 27 फेब्रुवारी 1971 च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा एक लेख आला. त्यात त्यांनी एक नियम मांडला आणि त्याला भौतिकशास्त्रातल्या नियमासारखं नाव दिलं. मराठीत आपण त्याला 'उलट्या सेवेचा नियम' म्हणू. आशय असा, की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि जिथे गरज कमी तिथे ती जास्त. आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली, तितका हा नियम कडकपणे लागू. भौतिकशास्त्रातला नियम माणसानं केलेला नसतो, हा नियम मात्र माणसांच्या व्यवस्थेतून येतो, म्हणून तो बदलता येतो, हे त्यांचं म्हणणं होतं. ते उघडपणे साम्यवादी होते, त्या पक्षातर्फे एकाहून अधिक वेळा संसदेची निवडणूकही लढले आणि हरले. त्यांच्या राजकारणाशी सहमत नसलेल्यांनाही हा नियम खोडून काढणं जड जातं.

आपल्याला तर तो समजावून सांगण्याचीही गरज नाही. बेळगाव शहरात कुठल्याही मोठ्या रस्त्यावर उभं राहिलं तर मेडिकल कॉलेज, हृदयरोगतज्ज्ञ, स्कॅन सेंटर यांच्या पाट्या दिसतात. तिथून खानापूरच्या पुढे जंगलकाठच्या वस्त्यांकडे जा, पाट्या विरळ होत जातात आणि पावसाळ्यात रस्ताही. वडोदऱ्याहून छोटा उदेपूरकडे गेलं तरी हेच, इंदूरहून झाबुआकडे गेलं तरी हेच. सरकारी निकष असा, की सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. म्हणजे निकष पूर्ण पाळला तरी दुर्गम भागात एका केंद्राच्या वाट्याला दहा ग्लिनकोरुग येतात.

तेव्हा कुणी म्हणेल, दोन हजार माणसं, त्यांची यादी, सरकार पैसे देतंय, तिथे काय, कुणीही करील. हा आक्षेप अर्धा खरा आहे. यादी असलेले हजारो डॉक्टर ब्रिटनमध्ये होते, वही हार्ट यांनी उघडली. आणि यादी नसतानाही ती बनवता येते, हे तर महाराष्ट्रातच घडलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांमध्ये प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला, तुलनेसाठी आणखी 47 गावं घेतली, आणि गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली तर मृत्यू किती कमी होतात ते 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं. ते रूढ अर्थानं फॅमिली डॉक्टर नव्हेत. पण आधी सगळ्यांना मोजायचं, मग त्याच माणसांसाठी काम करायचं आणि शेवटी पुन्हा मोजायचं, ही चाल तीच.

निम्म्यांच्या नियमाचाही भारतात बराच पाठलाग झाला आहे. हा नियम अजून लागू आहे का, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा चेन्नईच्या शहरी वस्तीवरचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचं उत्तर 'हो'कडेच झुकणारं होतं. 2017 च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि तेलंगण होते, सोबत केरळ आणि पंजाब. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. त्यातल्या युक्त्या पाहिल्या तर ग्लिनकोरुगची आठवण होते: केंद्रात कशासाठीही आलेल्या मोठ्या माणसाचा रक्तदाब मोजायचा, एकच ठरलेली औषधयोजना, महिन्याच्या गोळ्या हातात द्यायच्या, नोंदी नर्सनं ठेवायच्या, आणि तारीख चुकवलेल्यांची यादी काढून त्यांना फोन करायचा. तुमच्या आजोबांना आरोग्य केंद्रातून असा फोन आला असेल तर तो कंटाळवाणा सरकारी फोन नाही, त्यामागे पन्नास वर्षांचं संशोधन आहे.

हार्ट निवृत्तीनंतरही लिहीत राहिले. 2006 च्या पुस्तकात त्यांनी एक विचार ठासून मांडला: आरोग्य ही डॉक्टरनं विकायची आणि रुग्णानं विकत घ्यायची वस्तू नाही, ती दोघं मिळून तयार करतात. त्याच वर्षी ब्रिटनच्या फॅमिली डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजनं नव्यानं सुरू केलेला संशोधनाचा डिस्कव्हरी पुरस्कार पहिल्यांदा त्यांना दिला. त्यांच्यासोबत त्या खोऱ्यात काम केलेले एक डॉक्टर, ब्रायन गिबन्स, त्याच सुमारास वेल्सचे आरोग्यमंत्री होते. गल्लीतल्या दवाखान्यातून निघालेली माणसं कुठवर जातात ते पाहा.

आता मावशीच्या प्रश्नाचं व्यावहारिक उत्तर. फॅमिली मेडिसिन हा भारतात एमबीबीएसनंतरचा रीतसर पदव्युत्तर विषय आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीएनबी तीन वर्षांचा असतो. एमडी फॅमिली मेडिसिनची सुरुवात केरळमध्ये कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजनं केली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. भोपाळसारख्या नव्या एम्समध्ये तर पीएसएमच्या विभागाचं नावच 'सामुदायिक आणि कौटुंबिक वैद्यकशास्त्र' आहे. जागा अजून थोड्या आहेत आणि पगाराच्या बाबतीत रेडिओलॉजीशी बरोबरी होणार नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. लग्नाच्या बाजारात 'एमडी' ऐकून डोळे चमकतात आणि 'फॅमिली मेडिसिन' ऐकून मिटतात, हेही काही वर्षं चालेल.

डीएनबीला प्रबंध लिहावाच लागतो, आणि विषय काय घ्यावा म्हणून मुलं महिनोन्महिने डोकं खाजवतात. त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. एक उपकेंद्र घ्यायचं, आशाताईंच्या वहीवरून तिथल्या तीस वर्षांपुढच्या माणसांची यादी करायची, आणि वर्षभरात ज्यांचा रक्तदाब कुणीच मोजलेला नाही त्यांची दारं ठोठवायची. खानापूरकडे, छोटा उदेपूरकडे आणि झाबुआकडे अशा दारांची कमतरता नाही.